अर्धीच का दिली?

परवा तिसरीच्या वर्गावर जाताना घरून एक सोलापुरी चादर नेली, आणि कात्री. चादर जुनीच, लग्नात आहेरात आलेल्या सात-आठ चादरींपैकी (सोलापुरात लग्न केलं की चादरींना तोटा नाही). गोष्ट सांगायची होती संत मार्टिनची. चौथ्या शतकातला रोमन सैन्यातला कोवळा पोरगा. आजच्या फ्रान्समधल्या आमियँ शहराच्या वेशीत, कडाक्याच्या थंडीत त्याला एक उघडा भिकारी दिसतो. होतं नव्हतं ते मार्टिननं आधीच वाटून टाकलेलं. मग तो तलवारीनं अंगावरचा झगा मधोमध कापतो आणि अर्धा भिकाऱ्याच्या अंगावर घालतो.

मी कात्री लावणार तेवढ्यात शेवटच्या बाकावरून ओरडा आला, "मॅडम, थांबा की! दशा निघतील!"

पोराचा बाप मागावर कामाला. त्यानं उभं राहून वर्गाला समजावलं की कापलेल्या कडेला शिलाई मारली नाही तर धागे सुटत जातात, आणि मग दोघांचीबी चादर वाया. त्यावर एक मुलगी म्हणाली, "मग आख्खी द्यायची ना. अर्धीच का दिली?" लगेच तिसरा, "आख्खी दिली तर हा नाही का मरणार बे थंडीनं?" वर्गात 'बे' चालत नाही. त्या दिवशी चालू दिलं. तास तिथंच संपला, मूल्यशिक्षणाच्या वहीत एक ओळ लिहून झाली नाही.

सांगायचं ते एवढ्यासाठीच. मी कॅथलिक नाही. मिशनच्या शाळेत प्राथमिकला सतरा वर्षं शिकवतेय, त्यामुळे हे संत माझ्या रोजच्या ओळखीचे झालेत. आणि माझं मत असं झालंय की आठ वर्षांच्या पोराला संत द्यायचा तर भांडता येईल असा द्यावा. "ते लहानपणापासूनच दयाळू, आज्ञाधारक व अभ्यासू होते" हे वाक्य कुठल्याही फोटोखाली चिकटवा, खपून जातं. पोरं ते पाठ करतात आणि मधल्या सुट्टीत डब्यावरून मारामारी करतात. या वयात त्यांचं सगळं डोकं एकाच गोष्टीत असतं: कुणाला जास्त मिळालं, हे बरोबर झालं का. तिथं हात घालणारी गोष्ट हवी.

असिसीचा फ्रान्सिस घ्या. प्राणी-पक्ष्यांचा मित्र म्हणून भिंतीवर रंगवलेला असतो, खांद्यावर कबुतर. पण बाप कापडाचा बडा व्यापारी होता, हे सांगितलं की आमची पोरं कान टवकारतात. सान दामियानोचं पडकं चर्च दुरुस्त करायला या पठ्ठ्यानं बापाचं कापड नेऊन विकलं, वर घोडाही विकला. वर्ग एका सुरात, "म्हणजे चोरीच की!" हो, चोरीच. बिशपनंही तेच म्हटलं, बापाचे पैसे परत कर. त्यानं पैसे दिलेच, अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून बापापुढे ठेवले. मग मी मंगळवेढ्याचे दामाजीपंत काढते. दुष्काळात लोक मरायला लागल्यावर बादशहाची कोठारं उघडून धान्य वाटलं. धान्य त्यांचं होतं का? नाही. विचारलं होतं का? नाही. मग दामाजी बरोबर आणि फ्रान्सिस चूक, का दोघंही बरोबर? यावर वर्गाचे उभे दोन तट पडले होते, आणि एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, "चर्च थांबलं असतं, भूक नाही थांबत."

(पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "आपले संत सोडून हे कशाला?" असा मेसेज दरवर्षी येतो. दादा, मुलांच्या वह्या उघडून बघा. दामाजी, सावता माळी, सिद्धरामेश्वर सगळे आहेत, आणि सिद्धरामेश्वरांनी तळं खोदलं ते किती दिवसांत, यावर वादही आहे.)

एका वडीलधाऱ्या व्यक्तीला माझं हे 'चोरी' प्रकरण रुचलं नाही. संतांबद्दल असे शब्द? पण संत ऑगस्टीननं स्वतःच लिहून ठेवलंय की सोळाव्या वर्षी टोळक्याबरोबर शेजारचं नासपतीचं झाड झोडपलं, भूक नसताना, आणि फळं डुकरांपुढे टाकली. पुढे बिशप झाला तरी ती नासपती विसरला नाही. ही गोष्ट सांगितली की वर्ग गप्प होतो, आणि मग कुणीतरी हळूच खोडरबराची कबुली देतं.

मात्र सगळेच संत या वयाचे नाहीत. बाणांनी भोसकलेला सेबॅस्टियन, जाळीवर भाजलेला लॉरेन्स, ही चित्रं पहिली-दुसरीच्या पोरांपुढे ठेवू नयेत. मागं एका मुलीनं रात्रभर झोप घेतली नाही, आई भांडायला आली, आणि ती शंभर टक्के बरोबर होती. वसईचा गोन्सालो गार्सिया मी सांगते, पण 1597 मध्ये जपानात नागासाकीला त्याला क्रूसावर मारलं, ते मोठ्या वर्गासाठी ठेवते. छोट्यांना एवढंच पुरतं की जेझुइट या धर्मसंघानं त्याला घेतलं नाही, मग तो व्यापारात पडला, आणि शेवटी मनिलात फ्रान्सिस्कनांनी, म्हणजे फ्रान्सिसच्याच संघानं, घेतलं. कबड्डीच्या टीममधून वगळलेल्याला ते बरोबर कळतं.

आणि कार्लो आकुतिस, इटलीतला पोरगा. 1991 चा जन्म, पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगानं गेला, सप्टेंबर 2025 मध्ये संत घोषित झाला. जीन्स घातलेला, कॉम्प्युटरवाला संत! पोरं खूश. पण घरी काय होतं? "बघ, कार्लो किती कमी गेम खेळायचा, आण तो मोबाईल इकडे." झालं, आठवड्यात पोरांना कार्लो नकोसा.

चादरीचं राहिलंच. ती शेवटी कापलीच. मार्टिन अर्धा झगा पांघरून उभा राहिला तेव्हा बघणारे काही जण त्याला हसले होते. हे सांगितल्यावर त्या मागवाल्या पोरानं दोन्ही तुकडे दप्तरात कोंबून घरी नेले. दोन दिवसांनी कडा शिवून आणल्या, दोन्हीच्या, पक्क्या दुहेरी शिलाईनं. सोबत बापाचा निरोप:

"मॅडमना सांग, पुढच्या खेपेला टॉवेल घ्या. चादर महाग पडते."