तीन कान द्यायला काय जात होतं?

सायकलच्या नळीवर ठळक अक्षरांत 'माउंटन' लिहिलंय. त्या एका शब्दाचे जास्तीचे पैसे मोजलेत मी. मग डोंगरात दगड असतात हे फ्रेम बनवताना कोणाच्याच ध्यानात आलं नाही का?

आमचं वावर परतवाड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी. संत्र्याच्या बागेत जायला पांदण आहे. तिच्यावर मोठी गिट्टी टाकून ठेवली, रोलर काही फिरला नाही. मधे दोन नाले. नाल्यात पाट्याएवढे काळे दगड, पावसाने धुऊन उघडे पडलेले. पुढचं चाक दगडावरून खाली उतरतं, मागचं अजून वरच असतं, आणि तेवढ्यात सायकलचं पोट दगडावर बसतं. पोटाखाली सगळ्यात खाली लटकतं ते क्रँकचं, म्हणजे पायडलच्या दांड्याचं मोठं चक्र, ४२ दात्यांचं. पोळ्याच्या आदल्या दिवशी ते असं काही बसलं की चार दाते वाकले, वरचं प्लॅस्टिकचं कडं फुटून नाल्यात गेलं आणि चेन अशी अडकली की निघेना. पाठीवर फवारणीचा पंप, खांद्यावर सायकल, आणि चिखलातून घर.

ते प्लॅस्टिकचं कडं पायजामा चेनमध्ये जाऊ नये एवढ्यासाठी असतं. दगडाचा मार झेलायला बॅश गार्ड लागतं, म्हणजे चक्राच्या बाहेरून बसणारी जाड चकती. ठोका चकतीवर पडतो, दात्यांवर नाही. इतकी साधी गोष्ट. ती बसवण्यासाठी मी किती फिरलो ते ऐका.

पहिलं गार्ड मोबाइलवरून मागवलं. ते बसतं फ्रेमच्या तीन कानांवर. बीबीच्या, म्हणजे क्रँकचा एक्सल ज्या नळीत असतो तिच्या भोवती फ्रेमलाच भोक पाडलेले तीन कान असतात. आयएससीजी-०५ म्हणतात त्या मापाला. माझ्या फ्रेमला एकही कान नाही, नळी सगळीकडून गुळगुळीत. घेण्याआधी विकणाऱ्याला फोटो पाठवला होता. उत्तर काय आलं? 'बसेल सर.' काय बसेल? कशावर बसेल? फोटो उघडून तरी बघितला का? आणायला गाडी बरोबर आली, परत न्यायची वेळ आली तर म्हणे तुमच्या पिनकोडवरून माल उचलत नाही. आणून टाकायला गाव सापडतं, परत न्यायला सापडत नाही!

कोणी म्हणालं, कान वेल्डिंग करून घे. आमचा वेल्डिंगवाला ट्रॉलीचं हूक असं जोडतो की दहा वर्षं हलत नाही, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण ही फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची. जोडाजवळ तापवली की धातूचा कस जातो, तो परत आणायला अख्खी फ्रेम भट्टीत घालावी लागते. ते इथे कोण करणार? घाट उतरताना बीबीपाशी फ्रेम मोडली तर दात कोणाचे जाणार?

मग कळलं, कान नसले तर एक पत्रा मिळतो. तो बीबीचा उजवा कप, म्हणजे नळीत आट्यांनी आवळून बसणारी वाटी, आणि फ्रेमची नळी यांच्यात दाबून बसवायचा, आणि कान त्या पत्र्यावर. यात दोन भानगडी. पत्र्याच्या जाडीइतकी चेनची ओळ बाहेर सरकते, मागच्या चक्रांशी सरळ राहत नाही. आणि पत्रा नुसत्या आवळण्यावर उभा असतो, जोरात दगड लागला की गोल फिरतो. तरी म्हटलं, करून पाहू.

त्यासाठी बीबी खोलायचा होता, आणि इथे माझं डोकं खरं फिरलं. तालुक्याच्या दुकानात गेलो. क्रँक काढायचा पुलर त्यांच्याकडे नव्हता, मागून हातोडी मारून क्रँक पाडला. मी गप्प बसलो. मग उजवा कप. मी म्हटलं, "भाऊ, उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, घड्याळाच्या दिशेने फिरवा." तर मला म्हणतो, "मले नको शिकवू बापू, तीस वर्षं झाले, सायकलीच खोलून रायलो." आणि पान्याला पाइप घालून लागला उलटीकडे पिळायला. म्हणजे कप खोलत नव्हता, आवळत होता. मी दोनदा सांगितलं, हात धरला. पाना सटकला, कपाच्या आतल्या खाचा गेल्या. मग छिन्नी घेतली. कप निघाला, पण फ्रेमचे पहिले दोन आटे खरवडून निघाला. ६८ मिलिमीटरची ती नळी म्हणजे सायकलचा जीव. ती माझ्या डोळ्यांदेखत नासवली, आणि वर मजुरी घेतली. चूक होते माणसाकडून. पण समोरचा हात जोडून सांगतोय की उलटे आटे आहेत, तर एकदा त्या दिशेने फिरवून पाहायला काय होतं?

पत्र्याचा नाद मी तिथेच सोडला.

उरला तिसरा मार्ग, आणि माझ्या मते खरा तोच. क्रँकवरचं मोठं चक्र काढायचं आणि त्याच जागी गार्ड कसायचं. फ्रेमला कान लागतच नाहीत. ४२ दात्यांचं चक्र सुमारे १७० मिलिमीटर व्यासाचं, आत उरणारं ३२ दात्यांचं १३०. दीडशेची चकती लावली तरी जमिनीपासून एक सेंटिमीटर उंची जास्तच मिळते. आणि पांदणीत ४२ चं चक्र चालवतं कोण? मी तर हायवेवरसुद्धा चालवत नाही.

पण माझ्या क्रँकची तिन्ही चक्रं रिबिट मारून कायमची जोडलेली! एक दाता वाकला तर अख्खा क्रँक फेका. रिबिटच्या जागी चार बोल्ट दिले असते तर कास्तकाराचं पोरगं घरच्या पान्याने खोलून नवं चक्र लावू शकलं असतं. याला माउंटन सायकल म्हणता तुम्ही? मला सांगतात, "रस्त्यानं चालवा ना." अहो, पांदण हाच आमचा रस्ता आहे! दुसरा दाखवा, त्याने जातो.

शेवटी अमरावतीहून जुना, बोल्टचा क्रँक आणला. शेजारच्या दोन भोकांच्या मधोमध पट्टी धरून मोजलं, साडेत्र्याहत्तर मिलिमीटर. त्याला १.४१४ ने गुणलं की चार भोकांच्या वर्तुळाचा व्यास येतो, १०४, म्हणजे सर्रास चालणारं माप. नवीन बीबी मीच बसवला, ग्रीस लावून, आधी नुसत्या हाताने फिरवत, खरवडलेल्या आट्यांना जपत. लेथवाल्याने ५ मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅल्युमिनियमची दीडशेची चकती कापून दिली. भोकांचं माप दोनदा विचारलं त्याने. इतक्या दिवसांत मला माप विचारणारा तो एकटा माणूस.

आता सगळं आहे, चार बोल्ट नाहीत. क्रँकसोबत आले ते आखूड. चकती मूळ चक्रापेक्षा जाड, त्यामुळे जेमतेम दोन आटे धरतात. तेवढ्यावर दगड झेलायचा? परतवाड्यात हार्डवेअरची सगळी दुकानं पालथी घातली. मोटरपंपाला, ट्रॅक्टरला लागणारे ८ मिलिमीटरचे बोल्ट हव्या त्या लांबीत आहेत, पोतंभर आहेत. पण त्यांच्या दोन आट्यांमधलं अंतर सव्वा मिलिमीटर आणि चक्राच्या बोल्टचं पाऊण मिलिमीटर. जाडी तीच, आटा वेगळा! का? साधा बोल्ट ठेवला असता तर कोणत्याही गावात दहा रुपयांत काम झालं असतं.

संत्र्याला पाणी द्यायचे दिवस आहेत. सायकल कोठ्यात उलटी टांगली आहे, आणि मी रोज सकाळी त्याच दोन नाल्यांतून पायी जातोय. सोमवारी पुन्हा एसटीने अमरावती. चार बोल्टांसाठी.