ड्वेन ऑलमन पीचच्या ट्रकवर आदळून गेला नाही

२९ ऑक्टोबर जवळ आला की अमेरिकन रॉक गिटारिस्ट ड्वेन ऑलमनचा फोटो आणि खाली तोच मजकूर फिरायला लागतो: ‘ऑलमन ब्रदर्सचा गिटारिस्ट पीच भरलेल्या ट्रकवर बाइक आदळून गेला, म्हणून पुढच्या अल्बमचं नाव ईट अ पीच, लिनर्ड स्किनर्ड या बँडने त्याच्यासाठीच फ्री बर्ड हे गाणं लिहिलं, आणि त्याच्यानंतर बँड संपलाच.’ लोक मनापासून श्रद्धांजली म्हणून टाकतात हे कळतं मला, पण ज्याच्यावर एवढा जीव आहे त्याच्या मरणाबद्दल तरी खरं बोलूया ना.

आधी ट्रक. २९ ऑक्टोबर १९७१, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातलं मेकन, हिलक्रेस्ट आणि बार्टलेट रस्त्यांचा चौक. ड्वेन हार्ले-डेव्हिडसनवर, समोर एक फ्लॅटबेड ट्रक, आणि त्या ट्रकवर होती लाकडं उचलायची क्रेन. पीच नव्हतेच. तिकडे पीचचा सीझन मे ते ऑगस्ट, मग ऑक्टोबर संपताना ट्रकभर पीच येणार कुठून, आपल्याकडे दिवाळीत कुणी हापूसचा ट्रक बघितलाय का? बाइक अंगावर पडली, हॉस्पिटलमध्ये नेलं, काही तासांत गेला. पंचविसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता. हे लिहिताना अजूनही गलबलतं.

अल्बमचं नाव तर त्याच्याच तोंडचं आहे. क्रांतीसाठी तुम्ही काय करताय असं एका मुलाखतीत विचारलं तेव्हा तो म्हणाला होता की जॉर्जियात असलो की मी शांततेसाठी एक पीच खातो. ड्रमर बुच ट्रक्सला ते आठवलं आणि १९७२ च्या फेब्रुवारीत आलेल्या अल्बमला तेच नाव मिळालं. कव्हरवर ट्रकमध्ये एक अवाढव्य पीच काढलाय, ते बघून लोकांनी अपघाताशी जोडलं असणार. म्हणजे मित्रांनी त्याचे शब्द जपले आणि आपण त्याचा अपघात करून टाकला, हे मला खरंच लागतं.

फ्री बर्ड हे लिनर्ड स्किनर्डच्याच ॲलन कॉलिन्स आणि रॉनी व्हॅन झँटचं, ते ड्वेन जिवंत असतानाच तयार होतं. स्टेजवर त्यांनी ते ड्वेनला अर्पण केलं हे मात्र खरंय, आणि तेवढं पुरेसं सुंदर आहे की.

बँड संपला म्हणणाऱ्यांनी त्यांचं १९७३ चं रॅम्बलिन मॅन हे गाणं ऐकावं, अमेरिकेत दुसऱ्या नंबरवर गेलं होतं. बेसिस्ट बेरी ओकली १९७२ मध्ये ड्वेनच्या अपघाताच्या जागेपासून जेमतेम तीन ब्लॉकवर बाइक अपघातात गेला तरी पोरं वाजवत राहिली, मध्ये तुटले, परत जमले, आणि शेवटचा शो २८ ऑक्टोबर २०१४ ला न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरला, तो मध्यरात्र उलटून २९ तारखेत गेला.

श्रद्धांजली कशी असते सांगू? १९७३ मध्ये मिसिसिपीत व्हिक्सबर्गजवळ हायवेलगतच्या मातीच्या चढावर फॅन्सनी भल्यामोठ्या अक्षरांत कोरलं, ड्वेन ऑलमनला लक्षात ठेवा. बास, एवढंच. पुढच्या वेळी टाकायचंच असेल तर हे टाका, की बँडमधल्याच धाकट्या भावाने, ग्रेगने, ड्वेनला सर्दीच्या गोळ्यांची बाटली आणून दिली, ड्वेनने गोळ्या काढून टाकल्या, ती काचेची बाटली अनामिकेत अडकवली आणि ती तारांवर सरकवत स्लाइड गिटार वाजवायला बसला. आणि सोबत ईट अ पीचवरचा शेवटचा ट्रॅक लावा, लिटल मार्था, जेमतेम दोन मिनिटांचा, ड्वेन आणि बँडचा दुसरा गिटारिस्ट डिकी बेट्स यांच्या दोन अकूस्टिक गिटार्स, बाकी कुणी नाही.