पदवीधर यादी: "मागच्या वेळी नाव होतं" हे चालत नाही

विधान परिषदेचा विषय निघाला की कमेंटमध्ये ठरलेली वाक्यं येतात. पडलेल्यांची सोय, मागचं दार, बरखास्त करा. यातलं निम्मं खरंही आहे. 78 पैकी 30 जणांना विधानसभेचे आमदार निवडून देतात, 22 जणांना नगरसेवक-जिल्हा परिषद सदस्य वगैरे मंडळी, आणि 12 जणांना राज्यपाल नेमतात. त्या 12 जागा जून 2020 पासून रिकाम्याच होत्या, ऑक्टोबर 2024 मध्ये त्यातल्या 7 भरल्या. महापालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले तेव्हा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कित्येक जागा अडल्या. नगरसेवकच नाहीत तर मतदार आणायचे कुठून?

उरल्या 14. त्यात 7 शिक्षकांच्या, 7 पदवीधरांच्या. मागचं दार म्हणून नाक मुरडणाऱ्या मुंबईकर पदवीधराला स्वतः मत देता येतं ते इथेच. आणि इथेच तो गायब असतो.

कारण साधं आहे. पदवीधर मतदारांची यादी दर निवडणुकीला कोऱ्या कागदावरून सुरू होते. विधानसभेच्या यादीत नाव आहे, मतदार ओळखपत्र आहे, मागच्या वेळी पदवीधरचं मतदानही केलंय, यातल्या कशाचाही उपयोग नाही. दर वेळी नवा अर्ज. पदवीधरांसाठी नमुना 18, शिक्षकांसाठी 19.

अर्हता दिनांक, म्हणजे पात्रता मोजायची तारीख, 1 नोव्हेंबर. त्या तारखेच्या किमान 3 वर्षं आधी पदवी मिळालेली हवी. पदवी कुठल्या विद्यापीठाची याला महत्त्व नाही, राहता कुठे याला आहे. मुंबई शहर आणि उपनगर जिल्हा म्हणजे मुंबई पदवीधर मतदारसंघ. दहिसरचा माणूस मुंबईत, मीरा रोडचा कोकण पदवीधर मतदारसंघात. मुलुंड मुंबईत, ठाणे कोकणात. रोज एकाच लोकलने फोर्टला उतरत असले तरी. ऑफिसचा पत्ता टाकून भरलेला अर्ज इथेच अडकतो.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं. सोबत विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र नसेल तर अर्ज लटकतो. त्यामुळे बायकांची नावं जास्त गळतात, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. पदवीची किंवा गुणपत्रिकेची प्रत साक्षांकित लागते, नुसती झेरॉक्स चालत नाही. शिक्षक मतदारसंघात वेगळीच गंमत. गेल्या 6 वर्षांत किमान 3 वर्षं शिकवलेलं हवं, तेही माध्यमिक किंवा त्याच्या वरच्या संस्थेत. म्हणजे पालिकेच्या प्राथमिक शाळेतल्या बाई शिक्षिका असून 'शिक्षक' नाहीत.

गठ्ठ्याने आणलेले अर्ज घेऊ नयेत असा नियम आहे. तरी नोंदणीचा खरा रेटा पक्षांच्या शाखांचाच असतो, कारण बाकी कोणी हललेलंच नसतं. मग यादीत बरेचसे तेच येतात ज्यांना कोणीतरी आणलंय. निकालाची निम्मी लढाई मतदानाच्या आधीच्या दिवाळीतच उरकते, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोंदणी झाली तरी मत बाद व्हायची सोय आहेच. इथे मशीन नसतं, कागदाची मतपत्रिका असते. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेननेच, पसंतीच्या उमेदवारासमोर आकड्यात 1 लिहायचं. पुढे हवं तर 2, 3. अक्षरात 'एक' लिहिलं, बरोबरची खूण केली, सही ठोकली किंवा दोघांसमोर 1 लिहिलं की मत बाद. सही करायची हौस पदवीधरांना फार.

मोजणीत वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त हा कोटा. कोणीच गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती वाटली जाते. फक्त 1 लिहून थांबलात आणि तुमचा माणूस बाद झाला, तर तुमची मतपत्रिका तिथेच संपली.

"पण परिषद करते काय?" धन विधेयक ती फार तर 14 दिवस धरू शकते, साधं विधेयक आधी 3 महिने आणि पुन्हा आलं तर 1 महिना. सरकार पाडू शकत नाही. पण तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा ही हत्यारं आहेत, आणि मंत्र्याला तिथेही उत्तर द्यावंच लागतं. तुमची पगाराची स्लिप काढा. व्यवसाय कर महिन्याला 200, फेब्रुवारीत 300. हा कर बसला रोजगार हमीसाठी, आणि ती योजना मांडली वि. स. पागे यांनी, जे याच परिषदेचे सभापती होते.

मुंबई पदवीधरची मागची निवडणूक जून 2024 मध्ये झाली. मुदत 6 वर्षांची, म्हणजे पुढची 2030 मध्ये आणि अर्ज भरायचे दिवस 2029 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात. पदवीचं प्रमाणपत्र कुठल्या फायलीत आहे ते बघून ठेवा, आणि नाव बदललं असेल तर त्याचा कागद त्याच फायलीत लावा.