जिम सोडायची आहे? घाई करू नका

सर्वप्रथम अभिनंदन. ट्रेडमिल तीन आठवडे बंद, शॉवरला पाणी नाही, डंबेलसाठी रांग. एवढं सोसल्यावर शेवटी तुम्हाला जिम सोडावीशी वाटली. आता सोडायची कशी, हे अनुभवी माणसाकडून ऐका. मी गेलं दीड वर्ष जिम सोडतोय.

करारपत्र शोधायला जाऊ नका. सही करताना वाचलं नव्हतं, मग आत्ताच कशाला? किमान मुदत किती, ती संपली की करार आपोआप वाढतो का, नोटीस किती दिवस आधी द्यायची, असल्या रुक्ष गोष्टी त्यात असतात. दुखापत झाली किंवा लांब राहायला गेलात तर मुदतीआधी सुटता येतं, असंही कुठेतरी बारीक अक्षरात असू शकतं. ते सापडलं तर पुढची सगळी गंमतच जाईल.

त्यापेक्षा मुकाट्याने जाणं बंद करा. तुम्ही दिसत नाही म्हणून मालक व्याकूळ होईल आणि एक दिवस स्वतःहून तुमचे हप्ते थांबवेल, अशी श्रद्धा ठेवा. या श्रद्धेवर संशोधनही झालंय. स्टेफानो डेलाविग्ना आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या साडेसात हजारांवर सभासदांच्या नोंदी तपासून २००६ मध्ये निष्कर्ष छापले. मासिक हप्तेवाले महिन्याला सरासरी ४.३ वेळा यायचे. दर खेपेचे पैसे मोजले असते तर बहुतेकांना स्वस्त पडलं असतं. शेवटची हजेरी आणि करार रद्द होणं यांत सरासरी २.३ महिने गेले. म्हणजे दोन महिन्यांहून जास्त काळ माणसं ‘उद्यापासून नक्की’ या भरवशावर पैसे भरत राहिली. आपण तेवढ्यावर का थांबायचं? जिमला तुमच्या घामापेक्षा हे ‘उद्यापासून’च जास्त प्रिय असतं. सगळे सभासद खरोखर एकाच संध्याकाळी आले, तर दारात चपला ठेवायला जागा उरणार नाही.

काही देशांत या नात्यात उगाच लुडबुड चालते. इंग्लंडच्या हायकोर्टाने २०११ मध्ये लांब मुदतीचे काही जिम-करार अन्याय्य ठरवले. कारण काय, तर सामान्य ग्राहक आपण किती वेळा जाऊ याचा अंदाज फुगवून करतो! जर्मनीने १ जुलै २०२२ पासून ग्राहकांशी ऑनलाइन करार करणाऱ्या कंपन्यांना वेबसाइटवर चक्क रद्द करण्याचं बटण ठेवायला लावलं. दोन-तीनदा क्लिक केलं की नोटीस गेली. माणुसकी म्हणून काही राहिलीच नाही.

तुम्ही मात्र समक्ष जा. काउंटरवरचा मुलगा सांगेल, मॅनेजर आत्ताच बाहेर गेले. मॅनेजर भेटलेच तर रद्द करण्याऐवजी फ्रीझ, म्हणजे सभासदत्व काही महिने नुसतं थांबवून ठेवणं, सुचवतील. आनंदाने घ्या. फ्रीझचे महिने मुदतीच्या शेवटी जोडले जातात का, हे मात्र विचारू नका, चांगल्या घरच्या माणसाला ते शोभत नाही. बंद ट्रेडमिलचे तारीखवार फोटो, लेखी तक्रार वगैरे तर कज्जेदलालांची कामं.

फारच संताप आला तर जिमला काही न कळवता बँकेत जाऊन हप्ता तेवढा थांबवा. करार जिवंतच राहतो, थकबाकी साठत जाते आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू होतात. इतक्या आपुलकीने ट्रेनरनेही कधी तुमची चौकशी केली नसेल.

एवढं करूनही कुणी तुम्हाला नोटीस लेखीच द्यायला भाग पाडलं, तर कागद काउंटरवर ठेवा आणि निघा. तारीख घालू नका, स्वतःजवळ प्रत ठेवू नका आणि पोच तर मुळीच मागू नका. पुढच्या महिन्यात हप्ता कापल्याचा मेसेज येईल, तीच पोच समजा.