जुन्या पीसीवर विंडोज 11 कसं टाकावं, आणि टाकल्यावर तोंड कसं बंद ठेवावं

तुमच्याकडे 2012 साली असेंबल करून घेतलेला पीसी आहे. थर्ड जनरेशन आय थ्री, एच61 बोर्ड, 4 जीबी रॅम, 500 जीबीची फिरणारी हार्ड डिस्क, आणि त्यावर विंडोज 10 गुपचूप चाललंय. एक्सेल उघडतंय, लाइट बिल भरलं जातंय, प्रिंटर प्रिंट देतोय. म्हणजे नक्कीच कुठेतरी काहीतरी चुकतंय. चालणारी गोष्ट चालू देणं ही आळशी माणसाची सवय, आपण त्यातले नाही, आपल्याला विंडोज 11 पाहिजे आणि ते ह्याच डब्यावर पाहिजे.

कारण तर एकदम पक्कं आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, आता सिक्युरिटी अपडेट यायचे नाहीत म्हणून तुम्ही हादरलात, आणि हे तेच तुम्ही बरं का, ज्यांनी आजवर अपडेटचा मेसेज दिसला की शिवी हासडून तो पुढे ढकलला. मायक्रोसॉफ्टने एक सोय काढली होती, घरगुती पीसीला आणखी वर्षभर, 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत, सिक्युरिटी अपडेट, 30 डॉलर भरा नाहीतर सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या क्लाउडवर ठेवा की चकटफू. ते अजिबात करू नका. दोन क्लिकमध्ये होतं, मग ऑफिसात सांगायला काय राहिलं.

आधी मायक्रोसॉफ्टचं हेल्थ चेकवालं अ‍ॅप टाका. ते सांगेल की तुमचा पीसी अटींत बसत नाही. टीपीएम 2.0 नाही, सिक्युअर बूट (मशीन चालू होताना फक्त ओळखीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) नाही, प्रोसेसर यादीत नाही. टीपीएम म्हणजे एनक्रिप्शनच्या किल्ल्या सांभाळणारी चिप. ती नसेल तर चोर तुमची डिस्क काढून नेईल आणि दुसऱ्या मशीनला लावून त्यातलं सगळं वाचेल, म्हणजे भाचीच्या मुंजीचे, सॉरी भाच्याच्या मुंजीचे फोटो आणि 2016 चा सोसायटीचा हिशोब. धोका गंभीर आहे.

प्रोसेसरचं म्हणाल तर इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा पाहिजे, म्हणजे साधारण 2017 नंतरचा. सातवीवाल्यांना प्रवेश नाही. एक मात्र आहे, सातव्या जनरेशनचा आय सेव्हन 7820एचक्यू हा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टने नंतर यादीत घेतला, कारण साडेतीन हजार डॉलरच्या आसपासचा त्यांचाच सरफेस स्टुडिओ 2 त्याच प्रोसेसरवर विकायला ठेवलेला होता. तेव्हा नियम कडक आहेत हे खरं, पण दुकान कोणाचं आहे हेही बघावं लागतं ना. तुमचा पीसी मायक्रोसॉफ्टने विकला असता तर आज तोही तरुण असता.

जुन्या लोकांना विंडोज व्हिस्टा आठवत असेल. तेव्हा उलटा खेळ होता, जी मशीन व्हिस्टा झेपवूच शकत नव्हती त्यांच्यावरसुद्धा 'व्हिस्टा कॅपेबल' असं स्टिकर, त्यावरून अमेरिकेत केस झाली, आणि केसमध्ये कंपनीच्या आतल्या मेल बाहेर आल्या. माइक नॅश नावाच्या त्यांच्याच बड्या अधिकाऱ्याने लिहिलं होतं की माझ्याकडे आता 2100 डॉलरचं ईमेल बघायचं मशीन आहे. तेव्हा न झेपणाऱ्याला हो म्हणाले, आता झेपणाऱ्यालाही नाही म्हणतात. अनुभवातून माणूस शिकतो, कंपनी पण शिकते, फक्त काय शिकली ते आपण विचारायचं नसतं.

असो. तर गेटवरून उडी कशी मारायची. विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह बनवणारं रुफस नावाचं फुकट टूल घ्या, 8 जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, विंडोज 11 ची आयएसओ फाइल डाउनलोड करा. रुफस स्वतःच विचारतं की 4 जीबी रॅम, सिक्युअर बूट, टीपीएम ह्या अटी काढून टाकू का. टिक करायची. बास, एका टिकमध्ये सगळी राष्ट्रीय सुरक्षा संपली. फॉरमॅट मारायचा नसेल आणि आहे त्यावरच चढवायचं असेल तर सेटअपला 'प्रॉडक्ट सर्व्हर' असा पर्याय देऊन चालवायची पण एक युक्ती आहे, मग स्क्रीनवर विंडोज सर्व्हर इन्स्टॉल होतंय असं लिहून येतं पण बसतं साधंच विंडोज. घाबरू नका. त्या बिचाऱ्या मशीनला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी सर्व्हर म्हणतंय, ऐकू द्या त्याला.

त्याहून जुन्या कोअर टू ड्यूओ प्रोसेसरवाल्यांनी मात्र घरी जावं. 24एच2 ह्या आवृत्तीपासून विंडोज 11 ला एसएसई4.2 आणि पॉपकाउंट ह्या इन्स्ट्रक्शन प्रोसेसरमध्येच लागतात, त्या नसतील तर बूटच होत नाही आणि तिथे रुफसची टिक कामाला येत नाही. अट कागदावरची असली की वाकवता येते, सिलिकॉनमधली नाही.

झालं इन्स्टॉल? आता खरी गंमत. मायक्रोसॉफ्टने टीपीएम तपासलं, प्रोसेसरची जन्मतारीख तपासली, पण तुमची डिस्क फिरते का ह्याची चौकशी कोणीच केली नाही. अटींमध्ये फक्त 64 जीबी स्टोरेज लिहिलंय, ते कसलं ते तुम्ही बघा. मिनिटाला 7200 फेऱ्या मारणारी डिस्क म्हणजे सेकंदाला 120 फेऱ्या, वर तिची सुई इकडून तिकडे जाणार, म्हणजे इकडचे तिकडचे तुकडे वाचायचे म्हटलं तर सेकंदाला शंभरएक जेमतेम. साध्यातली साधी एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, तेच काम सेकंदाला हजारोंनी करते. आणि 4 जीबी रॅममधली निम्म्याहून जास्त तर विंडोज स्वतःच खाऊन बसणार, त्यातूनच थोडी ग्राफिक्सला, मग तुम्ही क्रोम उघडलं की उरलेलं सामान डिस्कवर टाकायला सुरुवात, तिकडून उचल इकडे ठेव, इकडून उचल तिकडे ठेव, आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क 100 टक्के. प्रोसेसर मात्र 9 टक्क्यांवर निवांत. ज्याच्या वयावरून एवढा गोंधळ घातला तो बसलाय रिकामा.

इथे कोणीतरी शहाणा सांगेल की विंडोज 10 असतानाच एक एसएसडी आणि 4 जीबीची डीडीआर3 ची जादा पट्टी टाकली असती तर मशीन उडालं असतं. त्याचं ऐकू नका. लॅमिंग्टन रोडला जा, दुकानदाराशी घासाघीस करा, कॅबिनेट उघडा, आतली धूळ बघा, आणि एवढं करून बाहेरून काहीच नवीन दिसत नाही. स्टार्ट बटण मध्यभागी आलं की पाहुण्यांना दिसतं. एसएसडी कोणाला दिसते?

स्लो झालं की मग ठरलेले उपाय करा. यूट्यूब बघून सिसमेन बंद करा, सर्च इंडेक्सिंग बंद करा, अ‍ॅनिमेशन बंद करा, पारदर्शकपणा बंद करा, विजेट काढा, कोपायलट काढा, स्टार्ट बटण परत डावीकडे न्या, वॉलपेपर काळा करा. हळूहळू ते विंडोज 10 सारखं दिसायला लागेल. ह्यालाच ऑप्टिमायझेशन म्हणतात.

मुलगा व्हॅलोरंट खेळत असेल तर त्याच्या समोर जाऊ नका. त्या गेमचं अँटिचीट, म्हणजे लबाडी पकडणारा प्रोग्राम, विंडोज 11 वर टीपीएम आणि सिक्युअर बूट मागतं आणि रुफसची टिक त्याला मान्य नाही, म्हणजे जो गेम विंडोज 10 वर कालपर्यंत चालत होता तो प्रगती झाल्यामुळे बंद. तीर्थरूपांचं जुनं डॉसमधलं फॉक्सप्रोचं हिशोबाचं सॉफ्टवेअर 32 बिटच्या विंडोजवर चालत असेल तर तेही विसरा, विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येतं आणि 64 बिटवर डॉसच्या काळातलं 16 बिटचं काही चालत नाही. दादा, माझं खातं उघडत नाहीये, असं ते दिवसातून चारदा म्हणतील. होईल म्हणायचं.

परत विंडोज 10 वर जायचं मनात आलं तर, फॉरमॅट न मारता चढवलं असेल तर जुनं विंडोज ठेवलेलं विंडोज.ओल्ड फोल्डर 10 दिवस राहतं. पहिले 10 दिवस आपण 'पहिल्यांदा जरा स्लो वाटतंच, सेट होईल' असं म्हणत काढतो आणि अकराव्या दिवशी परतीची वाट शोधायला जातो. बरोबर आहे, घाई करू नये.

लिनक्सवाला मित्र ह्याच सुमारास फोन करेल, मिंट टाक म्हणेल. त्याला आदराने विचारा की त्याच्या स्वतःच्या ऑफिसचा पगारपत्रकाचा एक्सेल मॅक्रोसकट कशात उघडतो. तो विषय बदलेल. खरंतर तुमच्या मशीनवर मिंट छान चाललं असतं, पण हे त्याला कळू द्यायचं नाही, नाहीतर तो रविवारी घरी येतो.

आणि तो पेनड्राइव्ह, त्यात गाणी भरू नका. महिन्याचे अपडेट अशा मशीनला बहुतेक येत राहतात, मायक्रोसॉफ्टने गॅरंटी दिलेली नाही ते वेगळं, पण वर्षाची नवीन आवृत्ती आपोआप येत नाही, ती परत आयएसओ आणून परत टिक मारून हातानेच चढवावी लागते. तेव्हा त्याच्यावर मार्करने '11' लिहा आणि टीव्हीखालच्या खणात ठेवा, चार्जरच्या वायरींच्या वर, म्हणजे सापडेल.