आसियानचं एकमत कुणाच्या कामाचं?

विषय निघाला ब्रह्मोसवरून. "एप्रिल २०२४ मध्ये आपण फिलिपिन्सला क्षेपणास्त्रं दिली, आता चीन जरा जपून वागेल," असं संज्या म्हणाला. अनिकेतने त्याला तिथेच अडवलं. "आणि १७ जूनला काय झालं?"

त्या दिवशी दक्षिण चीन समुद्रात, चीन आणि फिलिपिन्स दोघेही हक्क सांगतात त्या सेकंड थॉमस शोलपाशी चिनी तटरक्षक दल सुरे-कुऱ्हाडी घेऊन फिलिपिनो नौदलाच्या रबरी बोटींवर धावून गेलं. एका नौसैनिकाचा अंगठा तुटला. बोटी निघाल्या होत्या सिएरा माद्रेवर रसद पोचवायला. हे दुसऱ्या महायुद्धातलं जहाज फिलिपिन्सने १९९९ मध्ये मुद्दाम त्या प्रवाळखडकावर चढवलं. त्या गंजक्या सांगाड्यात आजही मूठभर सैनिक राहतात, का तर जागेवरचा हक्क सुटू नये.

"मग आसियान, ही आग्नेय आशियाई देशांची संघटना, कशाला आहे?" संज्या तापला. "निवेदनात लिहितात काय, तर 'काही मंत्र्यांनी चिंता व्यक्त केली'! २०१२ मध्ये कंबोडिया अध्यक्ष होता, तेव्हा तर संयुक्त निवेदनच निघालं नाही. ४५ वर्षांत पहिल्यांदा!"

"अरे, निर्णयाला सगळ्यांची संमती हवी हा एकमताचा नियम नसता तर संघटना टिकलीच नसती," अनिकेत म्हणाला. "कम्युनिस्ट व्हिएतनाम आणि ब्रुनेईचा सुलतान एका टेबलाशी बसतात ते त्याच्याच जिवावर. लाओसला समुद्रच नाही, वर रेल्वे चीनच्या कर्जातली. तो कशाला चीनला अंगावर घेईल? व्हिएतनामकडे बघ. सप्टेंबर २०२३ मध्ये बायडेन, डिसेंबरमध्ये शी जिनपिंग, पुढच्या जूनमध्ये पुतिन. तिघांनाही हनोईत पायघड्या."

इथे मला राहवेना. व्हिएतनामला हे पेलतं, कारण १९७९ मध्ये चीनशी लढलेलं सैन्य त्याच्या पाठीशी आहे. फिलिपिन्सने बिचाऱ्याने कायद्याची वाट धरली. १२ जुलै २०१६ ला हेगच्या लवादाने त्याच्या बाजूने कौल दिला, त्याच समुद्रातल्या स्कारबरो शोलमध्ये फिलिपिनो मच्छीमारांना अडवणं चूक ठरवलं. चीनने तो निकाल धुडकावला आणि आसियान एकमुखाने फिलिपिन्सच्या मागे उभी राहिली नाही. आर्थिक करारांत 'ज्यांना जमेल त्यांनी पुढे व्हा' अशी सोय आसियानने ठेवलीच आहे. तीच समुद्रासाठी का नको?

"मग लाओस, कंबोडिया कायमचे चीनच्या गोटात जातील," अनिकेत म्हणाला.

जातीलही. पण त्यांना धरून ठेवायची किंमत मच्छीमारांनी आणि त्या अंगठा तुटलेल्या पोराने का मोजायची, याचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही.