पाच दारांमागचं खरं कारण

तुमच्या लेखात जपानच्या केइहान रेल्वे कंपनीच्या ‘5000’ या लोकल गाडीच्या पाच दारांना ‘हौशी प्रयोग’ म्हटलंय, ते काही पटलं नाही. कंपनीच्या ओसाका-क्योतो मार्गावर तेव्हा 600 व्होल्टचा पुरवठा होता. गर्दी ओसंडून वाहायची, पण तेवढ्या विजेवर सात डब्यांपेक्षा लांब गाड्या चालवणं अवघड. मग गर्दीला पटापट चढता-उतरता यावं म्हणून 1970मध्ये एका बाजूला पाच दारं असलेले डबे आणले. जपानमधली ही पहिलीच पाच दारी लोकल. 1500 व्होल्ट आले ते थेट 1983मध्ये!

आणि खरी गंमत तर लेखात आलीच नाही. दुसरं आणि चौथं दार फक्त गर्दीच्या वेळी उघडायचं. एरवी ते बंद, आणि छतालगत उचलून ठेवलेलं अख्खं बाकडं खाली येऊन दारासमोर बसायचं. दाराला पाठ टेकून प्रवासी निवांत! डोकं लावलंय राव.

2021मध्ये ती निवृत्त झाली, कारण ओसाकातल्या क्योबाशी स्थानकात फलाटावर सुरक्षा दारं बसायची होती आणि या पाच दारांचा मेळ त्यांच्याशी बसेना. ओसाकाजवळच्या कुझुहा मॉलमध्ये 5551 क्रमांकाचा डबा जपून ठेवलाय. त्याचा फोटो लेखात हवा होता.